जुनी मोटार आणि तिचे सुटे भाग



मोटारीचा इतिहास सांगणारे बहुधा नव्या गाडीपासून आरंभ करतात. कोणत्या सालीं कोणती गाडी निघाली, ती किती वेगानें धांवली, तिच्यांत कोण थोर पुरुष बसला, हें सारें त्या इतिहासांत असतें. मला आज दुसऱ्या टोंकापासून आरंभ करावयाचा आहे. गाडी जुनी झाली, ती काढणारा कारखाना बंद पडला, आणि तिचा एखादा लहानसा भाग, रबराचें एक कडें म्हणा, पितळेचें एक बुश म्हणा, बाजारांत मिळेनासा झाला, म्हणजे पुढें काय होतें, हा माझा विषय आहे. मुंबई शहराची या प्रश्नाशीं गांठ एकदां नव्हे, तीनदां पडली. आणि त्यावर शहरानें जे उपाय शोधले, त्यांत येथील कारागिरांचा इतिहास सांठविलेला आहे.

सुटा भाग ही कल्पना आपल्याला वाटते तितकी जुनी नाहीं. बैलगाडीला सुटे भाग नव्हते. तिला सुतार होता. चाकाचा आरा मोडला तर सुतार बाभळीचें लाकूड घेई, शेजारच्या आऱ्यावरून माप काढी, आणि त्याच चाकाला बसेल असा नवा आरा तासून देई. धाव सैल झाली तर लोहार ती तापवून पुन्हां चढवी. एका गाडीचा आरा दुसऱ्या गाडीला जसाच्या तसा बसावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. त्यामुळें अमुक भाग 'आतां निघत नाहीं' असें बैलगाडीबद्दल म्हणण्याचा प्रसंगहि कोणावर येत नसे. सुतार गांवांत होता तोंवर भाग होता.

मोटारीनें हें पालटलें. १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें एक प्रसिद्ध परीक्षा झाली. अमेरिकेंतील कॅडिलॅक कारखान्याच्या तीन गाड्या पार सुट्या करण्यांत आल्या. त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यांत आले, आणि त्या ढिगांतून केवळ पाने व पेचकस वापरून पुन्हां तीन गाड्या जुळविण्यांत आल्या. मग त्या प्रत्येकी ५०० मैल धांवल्या. या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर करंडक मिळाला. त्याच सालीं हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' बाजारांत आली, आणि एकसारख्या भागांची लाखों मोटारी काढण्याची पद्धत जगभर रुजली.

या पद्धतीनें मोटार स्वस्त झाली, हा तिचा मोठाच उपकार आहे. परंतु त्याबरोबर एक गोष्ट मालकाच्या हातून निसटली. भाग कसा असावा हें ज्ञान सुताराच्या हातांतून निघून दूरच्या कारखान्याच्या आराखड्यांत जाऊन बसलें. मालकाजवळ उरला तो केवळ भागाचा क्रमांक. कारखान्यानें तो क्रमांक आपल्या यादींतून खोडला कीं गाडी धडधाकट असूनहि पंगु होते. मोटारीची ही एक व्यथा तिच्या जन्माबरोबरच आलेली आहे.

मुंबईंत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. १९११ सालीं येथें टॅक्सी धांवूं लागली, आणि १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस सुरू झाली. १९२६ सालींच फोर्ड कंपनीनें हिंदुस्थानांत आपली शाखा काढली, आणि १९२८ सालीं जनरल मोटर्सनें शिवडीला शेव्हर्ले गाड्या जुळविण्याचा कारखाना घातला. 'जुळविण्याचा' हा शब्द येथें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. भाग अमेरिकेंतून पेट्यांत भरून येत. शिवडीला ते जोडले जात. सुटा भाग हवा असेल तर तोहि समुद्रावरूनच येई. गिरगांवाच्या टोंकाला ऑपेरा हाउस आणि लॅमिंग्टन रोड या परिसरांत मोटारीच्या भागांची पेठ वसली. दुकानांत भाग नसेल तर गिऱ्हाइकानें बोटीची वाट पाहावी, असा तो काळ होता.

पहिला मोठा खंड दुसऱ्या महायुद्धांत पडला. १९४१ सालीं पेट्रोलावर नियंत्रण आलें. १९४२ च्या आरंभीं जपाननें मलाया घेतल्यामुळें रबराचा मोठा पुरवठा तुटला. आणि त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील कारखान्यांनीं खासगी मोटारी काढणें थांबविलें. जहाजांत जागा मिळे ती युद्धाच्या सामानाला. अशा वेळीं गाड्या चालू ठेवण्यासाठीं लोकांनीं पाठीमागें लोखंडी भट्टी बसवून लोणारी कोळशाच्या वायूवर इंजिनें चालविलीं. एका गाडीच्या सांगाड्यांतून भाग काढून दुसरी उभी करण्याची रीतहि तेव्हां बळावली. दुधाची तहान ताकावर भागविणें तें हेंच. परंतु ताक पिऊनच गाड्या चालल्या, हें विसरतां येत नाहीं.

दुसरा खंड शांततेच्या काळांत आला, आणि तो कायद्यानें आला. सोलापुरास जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून क्राइसलर कंपनीच्या परवान्यानें गाड्या निघूं लागल्या. १९४९ सालीं सरकारनें पूर्ण तयार मोटारींच्या आयातीला बंदी घातली. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असें ठरलें, कीं जे भाग येथेंच बनविण्याचा कार्यक्रम हातीं घेतील त्यांनींच मोटारीच्या धंद्यांत राहावें. त्या धोरणापुढें जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनीं १९५४ च्या सुमारास येथील काम गुंडाळलें. देशांत मोटारीचा धंदा उभा राहावा हा त्यामागील हेतु योग्यच होता. पण शहरांत ज्या शेकडों शेव्हर्ले, फोर्ड, प्लिमथ आणि डॉज गाड्या धांवत होत्या, त्यांचे पालक एका रात्रींत परदेशीं निघून गेल्यासारखें झालें.

त्या काळच्या मिस्त्रीपुढें अडचणी कशा होत्या, हें एका उदाहरणानें सांगतों. स्क्रूच्या आट्याचेंच पाहा. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं आट्याचें प्रमाण ठरविलें. त्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेचा आटा ६० अंशांचा. १९४८ सालीं अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनीं मिळून जें एक प्रमाण ठरविलें, तेंहि ६० अंशांचेंच. इटलीच्या फियाटचा आटा मिलिमीटरचा. मुंबईच्या एकाच गॅरेजांत हे तिन्ही वंश शेजारीं शेजारीं उभे. आणखी गंमत अशी, कीं पुष्कळ मापांत व्हिटवर्थ आणि अमेरिकन आट्यांची दर इंची संख्या सारखीच असते. त्यामुळें एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बिनतक्रार चढतो. परंतु कोन निराळा असल्यामुळें आट्यांची पकड पूर्ण बसत नाहीं, आणि ताण पडला कीं आटे झडतात. अर्ध्या इंचाच्या मापांत मात्र व्हिटवर्थचे १२ आटे आणि अमेरिकेचे १३. तेथें चूक लगेच कळते. चढला म्हणजे जुळला, असें नव्हे. मोटारीच्या भागांबद्दल पहिला धडा मिस्त्री आपल्या हाताखालच्या पोरास देई तो हा.

विजेचीहि अशीच तऱ्हा. जुन्या शेव्हर्ले, प्लिमथ गाड्यांची वीज ६ व्होल्टची. १९५५-५६ पासून त्या १२ व्होल्टवर गेल्या. इंग्रजी गाड्यांपैकीं पुष्कळांत तर १९६० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असे, इतरांत ऋण टोंक. हें न पाहतां दुसऱ्या गाडीचें उपकरण बसविलें तर तें जळालेंच म्हणून समजावें.

मग या अडचणींतून वाट काढणारे हात मुंबईंत आले कोठून? याचें उत्तर मोटारीच्या दुकानांत सांपडत नाहीं. तें परळ, लालबाग आणि मी राहतों त्या वरळींत सांपडतें. कापडाच्या गिरण्यांतील यंत्रें बहुतेक लँकेशायरहून आलेलीं. त्यांचा दांता तुटला, बुश झिजलें, तर विलायतेहून भाग येईपर्यंत माग थांबविणें परवडत नसे. म्हणून गिरणीला आपलें मेकॅनिक खातें असे. त्यांत लेथ असे, भाता असे, फिटर, टर्नर आणि सांचा करणारा असे. परळच्या रेल्वे कारखान्यांतहि हीच विद्या मोठ्या प्रमाणावर चाले. बी. डी. डी. चाळींतल्या आमच्या एका खोलींत कापड विणणारा राही, तर शेजारच्या खोलींत मागाचा भाग घडविणारा. पाळी संपल्यावर अशा फिटरकडे टॅक्सीवाले फडक्यांत गुंडाळलेला मोडका भाग घेऊन येत, हें मीं लहानपणीं पुष्कळदां पाहिलें आहे. तो आधीं भाग हातांत फिरवी, कोठें झिजला आहे तें बोटानें चांचपी, आणि मगच कॅलिपर लावी. झिजलेल्या भागाचें माप घेऊन नवा भाग केला तर तो झिजलेलाच जन्मतो. म्हणून जेथें घर्षण झालें नाहीं अशी जागा शोधून मूळ माप तेथून काढावें लागतें. शाळेंतील भूमितींत आम्हीं जें शिकलों तें तेथें अन्नाला लागत असे.

पर्यायी भाग मिळविण्याच्या या शहरांत तीन वाटा पडल्या, आणि त्या अजूनहि त्याच आहेत.

पहिली वाट म्हणजे तोच भाग जुना शोधणें. चोर बाजारांतील मटन स्ट्रीट आणि कुर्ल्याच्या भंगाराच्या गल्ल्या यासाठीं प्रसिद्ध. या वाटेवर नशीब लागतें, आणि एक दिवस ती संपते. कारण मोडीत निघालेल्या गाड्यांची संख्याहि मर्यादित असते.

दुसरी वाट म्हणजे त्या भागाचें भावंड शोधणें. मोटारीच्या कारखान्यानें प्रत्येक भाग स्वतः बनविलेला नसतो. बेअरिंग, तेलाचें सील, पंख्याचा पट्टा, दिव्यांचे गोळे हे भाग बाहेरून घेतलेले असतात, आणि त्यांवर त्यांच्या मूळ घराण्याची खूण असते. बेअरिंगवर ६२०५ असा आंकडा कोरलेला दिसला तर शेवटच्या ०५ ला पांचानें गुणावें. भोंक २५ मिलिमीटरचें आहे हें कळतें. त्याचा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर. ६२०४ असेल तर भोंक २०, व्यास ४७, जाडी १४. हीं मापें जगभर एक आहेत. तेव्हां ज्या बेअरिंगसाठीं मालक मोटारीचीं दुकानें पालथीं घालतो, तेंच शेजारच्या गल्लींत पाण्याच्या पंपाच्या नांवानें विकत मिळत असतें. काखेंत कळसा नि गांवाला वळसा, ही म्हण जणूं अशाच मालकासाठीं केली असावी. मात्र आंकड्यापुढचीं अक्षरेंहि वाचावींत. 'सी ३' असें असेल तर आंतल्या गोळ्यांना नेहमींपेक्षां अधिक मोकळीक ठेवलेली असते. तापणाऱ्या जागीं तीच लागते. तेलाच्या सीलाचें आंतलें माप, बाहेरचें माप आणि जाडी, पट्ट्याची लांबी आणि रुंदी, एवढें टिपून नेलें तर दुकानदार गाडीचें नांवहि विचारीत नाहीं.

तिसरी वाट म्हणजे भाग नवा घडविणें. तोफधातूचें बुश लेथवर उतरवितां येतें; रबराचें कडें सांचा करून ओततां येतें. सिलिंडर झिजला तर तो किंचित रुंद कोरून थोडा मोठा पिस्टन बसवितात. नेमका पिस्टन मिळत नसेल तर दुसऱ्या गाडीचा जवळच्या मापाचा पाहतात. पण तेथें व्यास जुळून भागत नाहीं, पिनेची जाडी, पिनेपासून माथ्यापर्यंतची उंची आणि वजन हींहि जुळावीं लागतात.

या तिन्ही वाटा ज्या गाडीनें सर्वांत अधिक तुडविल्या, ती म्हणजे मुंबईची फियाट. प्रीमियर कंपनीनें १९५४ पासून कुर्ल्यास फियाट ११०० काढली. त्या पहिल्या गाडीला तिच्या गोलसर अंगामुळें महाराष्ट्रांत 'डुक्कर फियाट' हें नांव पडलें. १९६४ सालीं 'डिलाइट' आली. परवान्याची मुदत संपल्यावर तीच गाडी 'प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ पासून तिला चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी' हें नांव मिळालें. सिलिंडर चार, व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. हिशेब केला तर १०८९ घनसेंटिमीटर येतात. इटलींत ११०० ची मालिका १९६९ सालींच संपली. येथें मात्र तें इंजिन पुढें तीस वर्षें निघत राहिलें. याचा अर्थ असा, कीं आपल्या मायदेशीं जिचे भाग बंद झाले, ती गाडी परक्या देशांत सुखानें नांदली. कारण तिच्याभोंवतीं लहानमोठ्या भाग बनविणारांचें एक गांवच वसलें होतें. कारखान्यानें स्वतःहि पर्यायाची वाट धरली होती. १९८५ सालीं त्यानें काढलेल्या '११८ एनई' या गाडीचें अंग फियाटचें आणि इंजिन जपानच्या निसानचें होतें.

पद्मिनीचें उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलें. तरीहि भाग मिळत राहिले, कारण टॅक्सी चालत होती. खासगी गाडीचा ब्रेक-शू वर्षानुवर्षें टिकतो. टॅक्सीला तो वारंवार लागतो. भाग बनविणाऱ्या लहान कारखानदाराचा चरितार्थ त्या वारंवारपणावर चालतो, आणि हौशी मालकाला त्याचा आयता लाभ होतो. मुंबईंत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर उरली नाहीं. वर्तमानपत्रांनीं तिला मोठ्या प्रेमानें निरोप दिला. भाग बनविणारांच्या दृष्टीनें मात्र त्या दिवशीं त्यांचें ठरलेलें गिऱ्हाईक गेलें. मुंबईच्या इतिहासांतील हा तिसरा खंड. पहिला युद्धानें आला, दुसरा कायद्यानें. हा तिसरा वयानें आला आहे. कोणताहि भाग बंद पडतो तो लोखंड संपलें म्हणून नव्हे, तर तो नित्य मागणारा माणूस नाहींसा झाला म्हणून.

या वेळची अडचण अधिक खोल आहे, असें मला वाटतें. मागील दोन्ही खंडांच्या वेळीं गिरणगांव भरांत होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक करून गिरण्या बंद पडल्या. आपण त्या वेळीं विणकरांची हानि मोजली, आणि ती मोजण्यासारखीच होती. पण प्रत्येक गिरणीबरोबर एक मेकॅनिक खातें बंद झालें, आणि त्याबरोबर झिजलेल्या भागावरून मूळ माप ओळखणारे हातहि गेले, हें फारसें कोणी नोंदविलें नाहीं. लेथ भंगारांत विकतां येतो. त्यावरचा हात नवा करावयास पंधरा वर्षें लागतात.

असो. पर्यायी भागाचें इतकें गुणगान केल्यावर त्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे; नाहींतर माझें बोलणें घातक ठरेल. दाराची कडी, कांच चढविण्याचा दांडा, दिव्याचें कडें यांत मालकानें हवे ते प्रयोग करावेत. ब्रेक आणि सुकाणू यांत करूं नयेत. तेथें भाग 'जवळजवळ' जुळणें म्हणजे न जुळणेंच होय. ब्रेकच्या नळींत नेमून दिलेलें द्रव न घालतां कोणी इंजिनाचें खनिज तेल घातलें, तर आंतलीं रबराचीं कडीं फुगतात आणि ब्रेक ऐन वेळीं दगा देतो. बाजारांत मूळ कंपनीच्या डब्याची हुबेहूब नक्कल करून विकलेले भागहि मिळतात. पर्याय आणि नक्कल यांत फरक आहे. पर्याय आपलें खरें नांव सांगतो आणि आपल्या मापावर उभा राहतो. नक्कल दुसऱ्याचें नांव लावून येते, आणि तिचें माप कोणी पाहूं नये अशी तिची इच्छा असते.

भागाचें मापच नव्हे, त्याचें द्रव्यहि पाहावें लागतें; आणि काळ बदलला कीं तेंहि बदलतें. २००० सालीं देशांतून शिशाचें पेट्रोल गेलें, आणि हवेच्या दृष्टीनें तें चांगलेंच झालें. परंतु जुन्या इंजिनांतील झडपांच्या मऊ बैठकांना त्या शिशाचा आधार होता. तो गेल्यावर तेथें कठीण पोलादाचीं कडीं बसविणें शहाणपणाचें ठरलें. २०२५ सालीं पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें गांठलें. इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या पॅकिंगला मानवत नाहीं. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्याला टिकणाऱ्या रबराचा घ्यावा लागतो. म्हणजे मूळचा जुना भाग डबाबंद सांपडला, तरी तो आज योग्य असेलच असें नाहीं. अशा ठिकाणीं पर्याय हा मुळापेक्षां सरस ठरतो.

येथें कायद्याचाहि विचार येतो. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठीं वेगळी नोंदणी सुरू केली. तिच्यासाठीं अट अशी, कीं गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी. तिचा सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. १९७४ सालची पद्मिनी २०२४ सालीं या पंक्तीला येऊन बसली. ज्या मालकानें सोयीसाठीं परक्या गाडीचें इंजिन बसविलें, त्याची गाडी धांवेल, पण या नोंदणीच्या वेळीं तिच्या वंशाबद्दल प्रश्न निघेल. जुन्या पोथीचें एक पान फाटलें तर शहाणा संपादक जागा कोरी ठेवतो, किंवा आपण भरलेला मजकूर वेगळ्या शाईनें लिहितो. मोटारीच्या मालकानेंहि तेंच करावें. लावलेला पर्याय लिहून ठेवावा, आणि काढलेला मूळ भाग फेंकूं नये.

ही स्थिति आपल्याच देशांत आहे असें नाहीं. अमेरिकेनें १९६० नंतर क्यूबाशीं व्यापार तोडला, तेव्हां हवानांतील अमेरिकन गाड्या रशियन गाड्यांच्या भागांवर आणि गल्लींतल्या लेथवर जगल्या. श्रीलंकेंत १९९० नंतर मॉरिस मायनर या इंग्रजी गाडीचे भाग बनवून ते इंग्लंडांतील मालकांना पाठविण्याचा उद्योग निघाला. म्हणजे मायदेशच परदेशाकडून भाग घेऊं लागला. जर्मनींतील पोर्शे कंपनीनें २०१८ सालीं आपल्या जुन्या '९५९' या गाडीच्या क्लचचा एक भाग संगणकाच्या आराखड्यावरून धातूची भुकटी थरावर थर वितळवून तयार केला. गाड्या जेमतेम तीनशें. त्यांच्यासाठीं सांचा करणें परवडणारें नव्हतें. एकच नग हवा असेल तर एकच करावा, ही तर आपल्या सुताराची रीत. शंभर वर्षें फिरून कारखाना त्याच रीतीपाशीं आला, हें पाहून मौज वाटते.

पण सुताराजवळ माप असे, तसें संगणकालाहि माप लागतें. आणि तें माप आज कोणाजवळ आहे? मुंबईंत तें सत्तरी ओलांडलेल्या मिस्त्रींच्या डोक्यांत आहे, आणि थोडेंफार तेलानें काळ्या झालेल्या वह्यांत आहे. कोणत्या गाडीला कोणतें सील चालतें, कोणत्या पंपाचें कोणतें बेअरिंग, कोठें कोणता पर्याय लावून पाहिला आणि फसला, हें त्यांना ठाऊक आहे. फसलेल्या प्रयोगाची नोंद तर सर्वांत मोलाची. कारण ती कोणत्याच कारखान्याच्या पुस्तकांत नसते. आपण राजांच्या बखरी छापल्या, घराण्यांचीं दफ्तरें जपलीं. या वह्यांनाहि तीच योग्यता आहे असें म्हणण्यांत मला अतिशयोक्ति वाटत नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं जुनी गाडी उभी आहे, त्यांना माझी एवढीच विनंति आहे. पुढच्या वेळीं मिस्त्री एखादा भाग काढील, तेव्हां त्यावरचा क्रमांक आणि तिन्ही मापें एका वहींत उतरून घ्या. पर्याय लावला तर तो कशाचा, कोणत्या सालीं, आणि किती टिकला, हें पुढें लिहा. मिस्त्रीला चहा द्या आणि त्याला बोलतें करा; तो सांगेल तेंहि लिहा. आणि जवळच्या तंत्रशाळेंतील एखादा मुलगा या कामांत रमत असेल, तर त्याला त्या मिस्त्रीपाशीं बसवा. वही आणि मुलगा, दोन्ही लागतील.